खापराला हात न लावता पुरातत्त्व : दूरस्थ पद्धतीच्या एमएचा अनुभव

प्राचीन इतिहास आणि अभिजात पुरातत्त्व, म्हणजे प्रामुख्याने ग्रीक आणि रोमन जगाचा इतिहास व पुरातत्त्व, या विषयात घरी बसून एमए करण्याची सोय ब्रिटनमधील काही विद्यापीठांनी केलेली आहे. त्यांपैकी एका विद्यापीठाचा अर्धवेळ अभ्यासक्रम मी नोकरी सांभाळून करतो आहे. शिकवण्याचा भाग संपला असून सध्या लघुप्रबंधाचे काम चालू आहे. विद्यापीठाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जे बरेवाईट सांगायचे आहे ते अशा बहुतेक अभ्यासक्रमांना कमी-अधिक प्रमाणात लागू पडेल, असे सहाध्यायांशी झालेल्या बोलण्यावरून वाटते. माझे मत आधीच सांगून टाकतो. ग्रंथ आणि उत्खनन-अहवाल एकमेकांसमोर ठेवून वाचायला शिकण्यासाठी हा अभ्यासक्रम उत्तम आहे. प्रत्यक्ष वस्तू ओळखायला शिकण्यासाठी तो अपुरा आहे, आणि ही उणीव विद्यापीठ भरून काढत नाही, ती विद्यार्थ्याने स्वतःच्या खटपटीने भरून काढायची असते.

रचना थोडक्यात अशी. ब्रिटनमध्ये एमएसाठी १८० श्रेयांक लागतात, त्यांतील ६० लघुप्रबंधाचे असतात, आणि एका श्रेयांकामागे दहा तासांचा अभ्यास गृहीत धरलेला असतो. म्हणजे एकूण १८०० तास. दोन वर्षांत पूर्ण करायचे तर आठवड्याला सतरा-अठरा तास झाले. माहितीपत्रकात हा हिशेब बारीक अक्षरात असतो, पण तो अतिशयोक्त नाही. परीक्षा नाहीत, सर्व मूल्यमापन निबंध, वस्तूंची वर्णने आणि अहवालांची परीक्षणे यांवर होते. ज्यांना आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे शेवटच्या महिन्यात रात्रीचा दिवस करून पदवी पदरात पाडून घेण्याची सवय आहे, त्यांची येथे चांगलीच पंचाईत होते.

अभ्यासक्रमाची खरी ताकद कशात आहे ते ग्रीक घरांवरच्या घटकाच्या आधारे सांगता येईल. उत्तर ग्रीसमधील ओलिंथस हे नगर मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपने इसवी सनपूर्व ३४८ मध्ये उद्ध्वस्त केले. १९२८ ते १९३८ या काळात डेव्हिड रॉबिन्सन यांनी तेथे टप्प्याटप्प्याने उत्खनन केले आणि शंभराहून अधिक घरे उजेडात आणली. आखीव रस्ते, पाच-पाच घरांच्या दोन रांगा पाठीला पाठ लावून उभ्या, त्यांच्यामध्ये सांडपाण्याची अरुंद गल्ली, आणि प्रत्येक घर साधारण सतरा मीटर लांबी-रुंदीचे, मध्ये अंगण असलेले. या घरांचे आराखडे आमच्यापुढे ठेवून त्यांच्या जोडीला लिसियस या अथेनियन वक्त्याचे एका खुनाच्या खटल्यातील भाषण वाचायला दिले होते. त्यात आरोपी युफिलेटस सांगतो की त्याचे घर दुमजली होते, वर बायकांचा वावर आणि खाली पुरुषांचा. पण मूल झाल्यावर बाळंतिणीला रात्री-अपरात्री जिना उतरावा लागू नये म्हणून त्यांनी मजल्यांची अदलाबदल केली. प्रश्न एवढाच होता: ओलिंथसच्या आराखड्यांत बायकांचा भाग दाखवा.

तो दाखवता येत नाही. पुरुषांची बैठक, जिला ग्रीक लोक आंद्रोन म्हणत, ती चटकन सापडते, कारण भिंतींच्या कडेने मंचक मांडण्यासाठी किंचित उंच कट्टा असतो, मंचकांच्या मांडणीसाठी दरवाजा भिंतीच्या मधोमध न ठेवता एका बाजूला सरकवलेला असतो, आणि काही ठिकाणी जमिनीवर गोट्यांची नक्षी असते. बायकांच्या भागाची अशी कोणतीही बांधीव खूण नाही. विणकाम हे बायकांचे काम मानले जाई, म्हणून मागावरच्या ताण्याला ताण देणाऱ्या वजनांकडे वळावे, तर ती अंगणाच्या ओवरीत, खोल्यांत, कोठारात, मिळेल तेथे सापडतात. शिवाय रॉबिन्सन यांनी वस्तू प्रकारवार प्रसिद्ध केल्या होत्या, नाणी एका खंडात, मृण्मूर्ती दुसऱ्यात. त्यामुळे कोणत्या खोलीत कोणत्या वस्तू एकत्र सापडल्या हे समजण्यासाठी निकोलस काहिल या अभ्यासकाला पुढे मूळ उत्खनन-वह्यांपर्यंत जावे लागले. लिखित पुरावा पुरुषांचा, तोही न्यायालयात स्वतःचा जीव वाचवण्यासाठी बोलणाऱ्या पुरुषाचा. घर मात्र त्याच्या बोलण्यापेक्षा बरेच लवचीक असावे. हा निष्कर्ष अभ्यासकांना नवा नाही, पण आराखड्यांवर पेन्सिलीने खुणा करत तेथवर आपण स्वतः पोहोचतो, आणि त्यानंतर ‘ग्रीक स्त्रिया अंतःपुरात राहत’ अशा धर्तीचे विधान कुठेही वाचले की पहिला विचार पुराव्याचा येतो. केवळ या एका घटकासाठी मी फीचे पैसे वसूल झाले असे म्हणेन.

दूरस्थ विद्यार्थ्याला आज विनामूल्य उपलब्ध असलेल्या साधनांचाही येथे उल्लेख केला पाहिजे, कारण त्यांच्याशिवाय हा प्रयोग शक्यच झाला नसता. अथेन्सच्या अगोरामध्ये, म्हणजे प्राचीन शहराच्या मध्यवर्ती बाजारचौकात, अमेरिकन संस्थेचे उत्खनन १९३१ पासून चालू आहे आणि तिथल्या वह्या, छायाचित्रे व वस्तूंच्या नोंदी संगणकावर पाहता येतात. मृद्‌भांड्याच्या नोंदीला ‘पी’, दिव्याला ‘एल’, कोरीव लेखाला ‘आय’ असे अक्षर आणि पुढे क्रमांक. अॅक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरील एका विहिरीत थेमिस्टोक्लीस या अथेनियन पुढाऱ्याचे नाव कोरलेली सुमारे १९० खापरे मिळाली आणि ती केवळ चौदा हातांनी लिहिलेली आहेत, ही गोष्ट मी आधी वाचली होती. नको असलेल्या पुढाऱ्याचे नाव खापरावर लिहून त्याच्या हद्दपारीसाठी अथेन्समध्ये मतदान होई, आणि त्यासाठी कोणीतरी आधीच खापरे लिहून तयार ठेवली होती, असा त्याचा अर्थ निघतो. पण अशा खापरांची छायाचित्रे शेजारी-शेजारी लावून एकच अक्षर वेगवेगळे हात कसे वळवतात हे पाहण्यात जी मजा आहे, ती कोणत्याही सारांशात नाही. (आपल्याकडच्या निवडणुकांशी याची तुलना करण्याचा मोह निबंधात आवरावा, असा शेरा एका सहाध्यायाला मिळाला होता.)

आता तक्रारी. ग्रंथालय हा सर्वांत दुखरा भाग आहे. नियतकालिके भरपूर मिळतात, परंतु पुस्तकांच्या बाबतीत तेथील स्कॅनिंगच्या परवान्यानुसार एका पुस्तकातील एक प्रकरण किंवा दहा टक्के मजकूर एवढेच देता येते. लंडनमध्ये राहणारा सहाध्यायी शनिवारी ग्रंथालयात जाऊन उरलेले पुस्तक वाचतो. आपण प्रस्तावनेवर आणि परीक्षणांवर भागवतो. उत्खनन-अहवालांचे तर विचारूच नये. जाड, महाग, घडीचे नकाशे पाठीमागे चिकटवलेले हे ग्रंथ स्कॅन करताना नेमके नकाशेच गळतात. मी वारंवार कळवल्यावर काही नकाशे पाठवण्यात आले, पण तोवर निबंधाची मुदत उलटत आली होती. दुसरी तक्रार अभिप्रायाची. काही शिक्षकांचे अभिप्राय इतके तपशीलवार होते की ते जपून ठेवले आहेत. एका घटकात मात्र पुढचा निबंध देऊन झाल्यावर मागच्याचा शेरा आला. तिसरी गोष्ट तक्रार म्हणावी अशी नाही, पण माहीत असलेली बरी: तिथल्या संध्याकाळी सातचे ऑनलाइन चर्चासत्र हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू होते. ध्वनिमुद्रण नंतर मिळते, पण चर्चेत प्रश्न विचारण्याची संधी हुकते.

लॅटिन किंवा ग्रीक येणे सक्तीचे नव्हते. मी प्राथमिक लॅटिन घेतले. शाळेत संस्कृतच्या विभक्त्या पाठ केलेल्या असल्यामुळे इंग्रज सहाध्यायांइतका घाम फुटला नाही, परंतु भाषेला जेवढा वेळ लागतो तेवढा या अभ्यासक्रमात मिळत नाही. छोटे थडग्यावरचे लेख वाचता येतात, त्यापलीकडे फारसे नाही. केवळ भाषेसाठी कोणी हा मार्ग धरू नये.

मूळ उणिवेकडे येतो. पुरातत्त्वातील बरीचशी विद्या बोटांत असते. रोमन अँफोरा, म्हणजे दोन कानांचे उंच वाहतुकीचे रांजण, त्यांच्या आकारावरून ओळखता येतात खरे. पण खोदकामात अख्खा रांजण क्वचित मिळतो, हाताशी येते ते पोटाचे एखादे खापर. अशा वेळी ताजी मोड, म्हणजे खापर मोडल्यावर उघडी पडलेली कडा, भिंगाखाली धरून मातीत काय मिसळले आहे ते पाहतात. नेपल्सच्या उपसागराच्या परिसरात घडवलेल्या अँफोरांच्या मातीत ज्वालामुखीजन्य खनिजांचे काळे चमकदार कण दिसतात. साउदॅम्प्टन विद्यापीठाने तयार केलेल्या रोमन अँफोरांच्या संगणकीय संग्रहात अशा मोडींची आणि सूक्ष्मदर्शकाखालील काचपट्ट्यांची सुरेख छायाचित्रे आहेत, आणि आमचा संपूर्ण घटक त्यांवरच चालला. पण काळा कण छायाचित्रात बाणाने दाखवलेला असतो. खऱ्या खापरावर बाण नसतो, माती माखलेली असते, आणि पोत खरखरीत की गुळगुळीत हे पडदा सांगत नाही. विद्यापीठाने ऐच्छिक उन्हाळी वर्ग ठेवला होता. विमान, व्हिसा आणि निवास यांचा खर्च पाहता तो भारतातून जाणाऱ्यासाठी ऐच्छिकच राहतो.

हा मुद्दा काल्पनिक नाही, हे माझ्या लघुप्रबंधाच्या विषयामुळे अधिकच जाणवले. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेकडे दहा दिवसांवर तगर हे फार मोठे नगर असल्याचे म्हटले आहे. तगर म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर. दख्खनमधील अशा स्थळांवर आणि पश्चिम किनाऱ्यावर ‘रोमन अँफोरा’ सापडल्याच्या नोंदी जुन्या अहवालांत जागोजाग आहेत. मात्र रोमन मृद्‌भांड्यांच्या अभ्यासक रॉबर्टा टोंबर यांनी भारतातील ही खापरे प्रत्यक्ष हाताळून पुन्हा तपासली, तेव्हा त्यांतील बरीचशी रोमन नसून मेसोपोटेमिया आणि इराणी आखाताच्या बाजूच्या, आतून बिटुमेनचा, म्हणजे नैसर्गिक डांबराचा, लेप दिलेल्या, ‘टॉर्पेडो’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या रांजणांची निघाली. म्हणजे नकाशावरचे व्यापारी संबंध आणि त्यांचे काळ दोन्ही बदलतात, तेही खापराची आतली बाजू नीट पाहिल्यामुळे. छायाचित्रांवर शिकलेल्या विद्यार्थ्याला ही तपासणी करता येणार नाही.

त्यामुळे सोय स्वतः करावी लागली. पुण्यातील एका जाणकार प्राध्यापकांनी ओळख नसताना वेळ दिला आणि सातवाहनकालीन साधी खापरे हाताळायला देऊन लाल लेपाची भांडी, काळी-तांबडी भांडी, आणि परकीय वाटणारा तुकडा यांतला फरक कसा पाहायचा ते दाखवले. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहिली. इटलीतील पाँपेईत १९३८ मध्ये सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिची तुलना अभ्यासक करत आले आहेत. मला दोघींतले साम्य ग्रंथांतील छायाचित्रांमध्ये वाटत होते त्यापेक्षा कमी वाटले, विशेषतः अंगाच्या ठेवणीत. अर्थात पाँपेईची मूर्ती मी चित्रातच पाहिलेली आहे. माझ्या मार्गदर्शकांना भूमध्य सागराकडील बाजू मुखोद्गत आहे, पण भारतीय उत्खननांचे अहवाल त्यांच्या ग्रंथालयात जवळजवळ नाहीत. तेथे उलटा प्रकार झाला: भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे वार्षिक आढावे मीच त्यांना पाठवले, आणि त्यांनी ते आवर्जून वाचून शेरे दिले. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेल्या पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाच्या कांस्यमूर्तीवर त्यांच्याशी झालेला पत्रव्यवहार हा या शिक्षणातील सर्वांत आनंदाचा भाग आहे.

प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यांनी दोन गोष्टी आधीच तपासाव्यात. दूरस्थ पद्धतीने मिळवलेल्या परदेशी पदवीला भारतात समकक्षता मिळण्यात अडचण येते. म्हणून प्राध्यापकी किंवा सरकारी पद डोळ्यांसमोर असेल, तर नियमित वर्गाचा अभ्यासक्रमच गाठावा. आणि फी पौंडांत असल्यामुळे प्रत्येक हप्त्याला विनिमय दर, बँकेचे शुल्क आणि कर यांचा भार वेगळा पडतो, तो अंदाजपत्रकात धरावा. साधारणपणे ६० श्रेयांकांनंतर प्रमाणपत्र आणि १२० नंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा असते. ज्यांना विषयाची ओढ आहे, पण एखाद्या वस्तुसंग्रहालयात किंवा उत्खननावर जाण्याइतकी सवड नाही, त्यांनी पदविकेवर थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. लघुप्रबंधासाठी वस्तूंजवळ जावेच लागते, आणि तेवढे जमणार नसेल तर शेवटच्या हप्त्याचे पौंड वाचवून अथेन्सचे तिकीट काढणे अधिक फायद्याचे ठरेल.