सगळं फुकट, टॉवेल सोडून: कपडे ऐच्छिक रिसॉर्टच्या दोन वाऱ्या

परवा बँकेचा मेल आला. जूनपासून चाललेल्या भांडणाचा निकाल: ५० डॉलरपैकी २५ परत, २५ बुडाले. म्हणून आज लिहायला बसले. जानेवारीत पहिल्यांदा जाऊन आल्या आल्या लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळी झाले असते. आळस केला तेच बरं झालं.

रिसॉर्टचं नाव घेत नाही. कॅनकून विमानतळावरून ३०७ नंबरच्या हायवेने दक्षिणेला, पोर्तो मोरेलोसच्या पुढे. खोल्या किती, बार किती, जकुझी किती हे सांगत बसत नाही. जे अशा ठिकाणी जायचा विचार करतात त्यांना ते सगळं आधीच पाठ असतं. आम्हालाही होतं. नवऱ्याने तर एक्सेल शीट केली होती. ग्रीन कार्डावर मेक्सिकोला वेगळा व्हिसा लागत नाही आणि ह्यूस्टनहून विमान दोन-सव्वादोन तासांत पोचतं, म्हणून जमैकावर फुली. खरं तर माझा जीव जमैकाच्या ओचो रियोसमध्ये अडकला होता. तिथल्या एका जुन्या जोडप्यांच्या रिसॉर्टला समोरच स्वतःचं छोटं बेट आहे. होडीतून जायचं, तिथे कपडे काढायचे, जेवायला परत माणसात यायचं. नवरा म्हणाला, "अगं, होडी चुकली तर?" विषय संपला.

बुकिंगच्या आधी एवढं मात्र नक्की तपासा: तुम्ही घेताय ती जागा नुसती उघड्या अंगाने ऊन खाणाऱ्यांची आहे की 'लाइफस्टाइल'वाल्यांची, म्हणजे जिथे जोडपी इतर जोडप्यांशी ओळख वाढवायला येतात. दोन्हीकडे पाटी 'फक्त प्रौढांसाठी' हीच असते. आमची पहिल्या प्रकारची होती. तरीही दुसऱ्या रात्री बारवर एका अतिशय सभ्य कॅनेडियन गृहस्थांनी चौकशी केली. नवऱ्याला प्रश्न कळला नाही, त्याने त्यांना आमचा रूम नंबर सांगितला. मी सावरलं.

लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून गेलो होतो. घरी सांगितलं कॅनकूनला जातोय, जे खोटं नाही. पहिल्या दिवशी पूलवर जाऊन मी अर्धा तास आडव्या खुर्चीवर फुल ड्रेसमध्ये बसून होते. ऐच्छिक म्हणजे ऐच्छिक, कोणी काही म्हणत नाही. आजूबाजूला बहुतेक पन्नाशी-साठीची अमेरिकन-कॅनेडियन जोडपी. कुणाच्या गुडघ्यावर ऑपरेशनची शिवण, कुणाची बायपासची, कुणाचं पोट मांडीवर टेकलेलं. सगळे निवांत शब्दकोडी सोडवतायत. मग वाटलं, माझ्या सिझेरियनच्या रेघेला इथे कोण विचारतंय! काढले कपडे. पाण्यात शिरले आणि, खरं सांगते, ओला पोहण्याचा ड्रेस अंगाला चिकटत नाही एवढ्या एका सुखासाठी अर्धे पैसे तिथेच वसूल झाले. उन्हाचं मात्र सांभाळा. ज्या कातडीने ४९ वर्षं सूर्य बघितला नाही ती दोन तासांत बोंब मारते.

रात्री जेवायला कपडे सक्तीचे, आणि हॉलमधला एसी असा की नवरा कुडकुडत म्हणाला, "उघड्याशेजारी नागडा गेला, सारी रात्र हिवाने मेला."

आता टॉवेल.

अशा ठिकाणी पहिला नियम हा की कुठेही बसण्याआधी खाली टॉवेल टाकायचा. खुर्ची असो, बारचं स्टूल असो. नियम उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही की टॉवेल माणशी एकच. चेक-इनला माणशी एक प्लास्टिकचं कार्ड मिळतं. कार्ड दाखवलं की टॉवेल, टॉवेल परत देतानाही कार्ड दाखवायचं. कार्ड हरवलं तर २५ डॉलर. आता विचार करा. त्या एका टॉवेलवर बसायचंही आणि त्यानेच पुसायचंही. पुसताना प्रश्न पडतो, बसले होते ती बाजू कुठली? मी टाचणीएवढी खूण शोधून ठेवली होती. टॅगची बाजू बुडाला, विरुद्ध बाजू तोंडाला. नवऱ्याला तीन दिवसांत एकदाही लक्षात राहिलं नाही. मी त्याच्याकडे बघणं सोडून दिलं.

बारवाला बाटलीमागून बाटली ओतणार, कॉफी चोवीस तास, लॉबस्टर हवा तेवढा, आणि दुसरा टॉवेल मागितला की पोरगा नम्रपणे हसून म्हणतो, "उनो, सेन्योरा." एक! खोलीत मात्र पलंगावर दोन टॉवेलांचे हंस करून ठेवलेले. ते पूलवर न्यायची बंदी. जिथे अंगावर दुसरं काहीच नाही तिथे टॉवेल हाच एकमेव कपडा, आणि नेमकी त्यातच काटकसर.

आणि ते कार्ड ठेवायचं कुठे? खिसा असतो का? १९५० साली क्लब मेड सुरू झालं, आज आपण ज्याला ऑल-इन्क्लुझिव्ह म्हणतो (एकदाच पैसे, मग खाणंपिणं सगळं 'फुकट') त्याचं मूळ तेच. त्यांनी पुढे बारच्या पैशांऐवजी मण्यांची माळ काढली. गळ्यात घाला, मणी तोडून द्या. पोहण्याच्या कपड्यांना खिसा नसतो हे त्यांना तेव्हा सुचलं होतं. यांना कपडेच नसलेल्या माणसांसाठी सुचू नये?

मी सोलापूरची. वडिलांनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ३१ वर्षं टॉवेलच्या मागावर काढली, त्यामुळे टॉवेल हातात आला की माझा अंगठा आपोआप त्यावर फिरतो. विणताना ताणे, म्हणजे उभ्या धाग्यांचे संच, दोन असतात, एक घट्ट, एक सैल. सैल ताण्याचे फासे वर उभे राहतात आणि पाणी पितात ते. यांचा टॉवेल दिसायला जाडजूड, पण फासे बसलेले, सॉफ्टनरने गुळगुळीत झालेले. पाणी पितच नव्हता, नुसतं इकडून तिकडे ढकलत होता. त्यात युकातानची सगळी जमीन चुनखडीची, म्हणून पाणी जड. धुतलेला टॉवेल वाळला की पापडासारखा उभा राहतो. वर सनस्क्रीनचे गंजासारखे डाग. ते धुलाईचे दोष नसतात, सनस्क्रीनमधल्या काही रसायनांची पाण्यातल्या लोहाशी गाठ पडली की तसे डाग पडतात. पण तेव्हा बसल्या जागी तांबूस डाग बघून जे वाटायचं ते वाटतंच.

तरीही जानेवारीत मी खूश होते, हे मान्य करते. एवढी खूश की निघताना अ‍ॅडव्हान्स भरून जूनचं बुकिंग केलं. दर ३० टक्के कमी होता. इतका कमी का, हे विचारायला हवं होतं.

उत्तर समुद्रात तरंगत होतं. सार्गासम, तपकिरी शेवाळ. २०११ पासून अटलांटिकमधून त्याचे पट्टेच्या पट्टे कॅरिबियनमध्ये येतात, वसंतापासून उन्हाळाभर. हिवाळ्यात फारसं नसतं म्हणून आम्हाला पत्ता नव्हता. किनाऱ्यावर कुजलं की सडक्या अंड्याचा वास. रिसॉर्टवाले पहाटेपासून दाताळी घेऊन ढीग उपसतात, बिचारे कितीही उपसलं तरी दुपारपर्यंत पुन्हा तेवढंच. यात त्यांचा दोष धरत नाही. वेबसाइटवर जूनमध्येही निळंशार पाणी दाखवतात, तो धरते.

या वेळी मी तयारीने गेले होते. माहेरून आणलेले दोन सोलापुरी टॉवेल, चार पंचे, आणि शेंगाचटणीचा डबा. (शाकाहाऱ्यांनो, तिथल्या उसळीत डुकराची चरबी असू शकते. "सिन मांतेका" म्हणायला शिका. मक्याच्या गरम तोर्तियावर तेल आणि शेंगाचटणी, त्यापुढे बुफे झक मारतो.) खाली बसायला रिसॉर्टचा, पुसायला आपला. प्रश्न मिटला, असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने दोन्ही कार्डं चपलेत ठेवली, चपला वाळूत, आणि गेला पाण्यात पाय बुडवायला. दाताळीवाल्यांनी ढीग उचलला. त्यासोबत डावी चप्पल आणि दोन्ही कार्डं गेली. टॉवेल आमच्या हातात होते! ते दोन्ही मी काउंटरवर नेऊन दिले. चेक-आउटच्या बिलावर तरी ५० डॉलर. मी म्हटलं, टॉवेल तुम्हाला मिळाले, हरवलं ते प्लास्टिक. बाई म्हणाल्या, सिस्टीममध्ये कार्ड नाही म्हणजे टॉवेल नाही. नवरा कुजबुजला, "जाऊ दे गं, विमान आहे." मी म्हटलं, "अहो, विमान तीन तासांनी आहे."

घरी येऊन क्रेडिट कार्डावर तक्रार टाकली. रिसॉर्टने उत्तरादाखल माझी सही असलेला चेक-इनचा फॉर्म पाठवला. चौदाव्या ओळीत टॉवेल कार्डाचा नियम होता. मी टॉवेल परत देतानाचा फोटो का नाही, असं बँकेने विचारलं. कारण पूलच्या आवारात फोन काढायला बंदी आहे! त्या बंदीपायी सासूबाईंनाही दोन्ही वेळा फक्त नाश्त्याच्या हॉलचे फोटो पाठवले. "समुद्रावर गेलात ना गं? मग सगळीकडे पपईच कशी?" शेवटी 'सद्भावना म्हणून' एका कार्डाचे पैसे रिसॉर्टने सोडले. कुठल्या कार्डाचे, ते सांगितलं नाही.

तारे: जानेवारीसाठी साडेचार, जूनसाठी दोन. खोली साफ करणाऱ्या बाईंना वेगळे पाच. शेवटच्या दिवशी त्यांनी माझ्या पंच्याचाही हंस करायचा प्रयत्न केला होता. पंचा पातळ, मान काही केल्या उभी राहीना. शेवटी त्यांनी ती उशीला टेकवून ठेवली होती.

फेब्रुवारीचं बुकिंग झालंय, शेवाळ नसतं तेव्हाचं. बहीण डिसेंबरात येतेय, तिला सहा टॉवेल सांगितलेत. आणि दोन काळे दोरे, कार्डाला भोक पाडून गळ्यात घालायला.