हलवलं एक कार्ड, नाव बदललं दुसऱ्याचंच: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

सेकंडहँड सर्व्हर, डिस्क जोडायला एक एचबीए कार्ड, दोन पोर्टांचं नेटवर्क कार्ड, वर डेबियन लिनक्स. अकरा महिने चोवीस तास चालू आहे. स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, त्यात शिरत नाही. आवाज सोसवतो, एक पंखा बदलावा लागला, बाकी तक्रार नाही. मला बोलायचंय ते नेटवर्क पोर्टांना लिनक्स देतं त्या नावांबद्दल, कारण गेल्या महिन्यात त्यापायी माझी अख्खी रात्र गेली.

एचबीए फार तापायचं. हीटसिंकला बोट टेकवता येत नव्हतं. चांगलं चालणारं कार्ड टाकून नवीन घ्यायचं जिवावर आलं, म्हणून तेच काढून खालच्या, हवा खेळती असलेल्या स्लॉटमध्ये बसवलं. पंधरा मिनिटांचं काम. नेटवर्क कार्डाला मी हातही लावला नव्हता. सर्व्हर चालू केला तर नेटवर्कवरून मारलेल्या हाकेला, म्हणजे पिंगला, उत्तर नाही. पोर्टांवरचे दिवे मात्र हिरवे.

मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून बसले. आधी केबल बदलली, मग स्विचचा पोर्ट बदलला. तासाभराने बूटच्या लॉगमध्ये ती ओळ दिसली: ईटीएच० या पोर्टचं नाव बदलून ईएनपी३एस०एफ० केलं. माझ्या कॉन्फिगमध्ये होतं ईएनपी४एस०एफ०, म्हणजे आता नसलेलं नाव.

या नावातला 'पी' नंतरचा आकडा म्हणजे पीसीआय बसचा, कार्डं बोर्डाशी ज्या मार्गाने बोलतात त्याचा, नंबर. तो कार्डावर लिहिलेला नसतो, स्लॉटवरही नसतो. फर्मवेअर, म्हणजे बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर, बूट होताना कार्डं शोधत जातं आणि सापडतील तसे नंबर वाटतं. आधी एचबीएला ३ मिळत होता, नेटवर्क कार्डाला ४. एचबीए रांगेत मागे गेलं आणि नेटवर्क कार्ड आपसूक ३ वर सरकलं. मी ज्याला स्पर्श केला नाही त्याचंच नाव बदललं, आणि या पद्धतीला म्हणतात 'प्रेडिक्टेबल' नावं. २०१३ मध्ये सिस्टिमडीच्या, म्हणजे लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या प्रणालीच्या, १९७ व्या आवृत्तीत ती आली. विक्रेत्याच्या सपोर्टला लिहिलं तर उत्तर आलं, 'ओएस पुन्हा टाकून बघा.' एका आकड्यासाठी! त्या रात्री मी पाचपैकी दोनच तारे दिले होते.

फायरवॉलने तर आणखी घोळ घातला. माझ्या नियमांत 'आयआयएफनेम' होतं, जे पोर्ट फक्त नावावरून जुळवतं. ते नाव अस्तित्वात नसलं तरी नियम मुकाट लोड होतात, फक्त कधी जुळत नाहीत. 'आयआयएफ' असतं, ज्याला पोर्ट आधीच हजर लागतं, तर लोड करतानाच चूक दिसली असती.

दोन आठवड्यांनी मत थोडं बदललं, ते जुनी कामं आठवल्यामुळे. सोलारिस या युनिक्सवर चार पोर्टांचं क्यूएफई कार्ड एकदा असंच हलवलं होतं. तिथे पाथ-टू-इन्स्ट नावाच्या फाईलमध्ये प्रत्येक हार्डवेअर पत्त्याला एक नंबर कायमचा बांधलेला असतो. नव्या स्लॉटचा पत्ता वेगळा, म्हणून क्यूएफई० ते ३ राखीवच राहिले आणि कार्ड ४ ते ७ होऊन बसलं. पोर्टाचा पत्ता ठरवणारी होस्टनेम फाईल क्यूएफई० च्याच नावाची, त्यामुळे नेटवर्क तिथेही गेलं. पण शेजारच्या कार्डाचं नाव कधी हललं नाही, आणि कार्ड जुन्या जागी परत लावलं की जुनी नावं परत. एआयएक्स या दुसऱ्या युनिक्सवरही जुनं नाव 'डिफाइन्ड' म्हणून ओडीएममध्ये, म्हणजे त्याच्या हार्डवेअरच्या नोंदवहीत, पडून राहतं. त्या यंत्रणांना आठवण होती. लिनक्सचं हे नाव दर बूटला नव्याने मोजलं जातं, हा खरा फरक.

आणि डिस्कच्या बाबतीत याच सर्व्हरने मला खूश केलं. झेडएफएस या फाईल सिस्टिमचा पूल, म्हणजे एकत्र बांधलेल्या डिस्क, जणू काही झालंच नाही असा वर आला, कारण त्याची ओळख डिस्कवरच्या लेबलमध्ये असते. मोडलं ते फक्त स्मार्टडी, डिस्कच्या तब्येतीवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम, कारण तिथे मी 'बाय-आयडी' (डिस्कची स्वतःची ओळख) ऐवजी 'बाय-पाथ' (ती जिथे जोडली ती जागा) लिहिलं होतं. पाथमध्ये एचबीएचा पीसीआय पत्ता असतो, तो बदलला आणि स्मार्टडी सुरूच होईना. ती चूक सर्वस्वी माझी.

उपाय सोपा निघाला. सिस्टिमडीच्या नेटवर्क फोल्डरमध्ये दर पोर्टसाठी एक लिंक फाईल, तिच्यात मॅक, म्हणजे कार्डातच भरलेला पोर्टचा पत्ता, जुळवायचा आणि नाव द्यायचं. मी लॅन० आणि लॅन१ दिलं. ईटीएच० देऊ नका, लिनक्सचा गाभा, कर्नलही, तीच नावं वाटत असतो आणि टक्कर होते. व्हीलॅन आणि बॉन्ड हे पोर्टांवर बांधलेले आभासी पोर्ट कार्डाचाच मॅक उचलतात, म्हणून 'परमनंट मॅक' वाली ओळ वापरा. आणि इनिटरॅमएफएस, बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी फाईल सिस्टिम, पुन्हा बनवायला विसरू नका. मी विसरले, पहिल्या रीबूटला जुनंच नाव आलं आणि पोटात गोळा आला.

मागच्या रविवारी मुद्दाम एचबीए पुन्हा वरच्या स्लॉटमध्ये घालून पाहिलं. बस नंबर परत ४ झाला, लॅन० लॅन० च राहिलं, पहिल्याच पिंगला उत्तर. तारे चार केलेत. पाचवा देणार नाही, कारण या बोर्डाचं फर्मवेअर स्लॉटचा नंबर सांगतच नाही. सांगितला असता तर बसऐवजी स्लॉटवरून नाव पडलं असतं आणि ती रात्र वाचली असती. आता दोन्ही पोर्टांखाली मॅकची शेवटची चार अक्षरं मार्करने लिहून चिकटवली आहेत. एचबीए खालच्या स्लॉटमध्ये परत गेलंय, हीटसिंकवर बोट ठेवता येतं.