नागपूरच्या टेबलावरून नॉर्वेचे फ्योर्ड: मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरवरची सफर कशी करावी, कशी करू नये

हिमनदीने कोरलेल्या खोल दरीत समुद्राचं पाणी शिरलं की तिला फ्योर्ड म्हणतात. नॉर्वेचा सोग्नेफ्योर्ड जमिनीत २०५ किलोमीटर आत जातो आणि सर्वांत खोल जागी १,३०८ मीटर खोल आहे. त्याचीच एक उपशाखा म्हणजे नॅरोयफ्योर्ड. लांबी जेमतेम १७ किलोमीटर, आणि एका जागी रुंदी फक्त २५० मीटर. तो आणि गैरांगरफ्योर्ड २००५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर या विमान उडवण्याच्या कॉम्प्युटर गेमवर हे दोन्ही एका संध्याकाळी पाहून होतात आणि दिसतातही फार देखणे. मात्र बहुतेक जण ही सफर उलट्या बाजूने करतात. समुद्राकडून शिरतात, फ्योर्ड आत आत अरुंद होत जातो, डोंगर उंचावत जातात आणि शेवटी विमान भिंतीवर आदळतं. मग दोष सिम्युलेटरला.

दोष दिशेचा आहे. सेसना १७२ या छोट्या, एका इंजिनाच्या विमानाचं गणित मांडून पाहा. १,००० फुटांवरून फ्योर्डमध्ये शिरलात आणि पलीकडचे डोंगर ओलांडायला ५,५०० फूट हवेत, तर चढायचे राहिले ४,५०० फूट. हे विमान या उंचीपर्यंत मिनिटाला सरासरी ५०० ते ६०० फूट चढतं. म्हणजे साडेसात ते नऊ मिनिटं. चढताना वेग ७४ नॉट, म्हणजे मिनिटाला सव्वादोन किलोमीटरच्या वर. तेवढ्या वेळात १७ ते २० किलोमीटर अंतर कापलं जातं, आणि फ्योर्ड आहे १७ किलोमीटरचा. थ्रॉटल (इंजिनाची पॉवर) पूर्ण पुढे असूनही जागा पुरत नाही, ती यामुळे.

म्हणून दरी नेहमी उतरणीने उडा. बर्गनच्या फ्लेसलांड विमानतळावरून निघा, ५,५०० फुटांवर व्होस गावाचं तळं गाठा, तिथून ईशान्येला स्टालहाइम. व्होस मागे पडलं की मिनिटाला ५०० फुटांनी खाली यायला लागा. सुमारे २,२०० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) खाली पॉवर आणा, वेग ९० नॉटवर धरा. स्टालहाइमपाशी दरी एकदम खाली कोसळते आणि गुडवांगेनला पाणी लागतं. तिथे २,५०० फुटांवर असाल तर दोन्हीकडचे डोंगर तुमच्यापेक्षा उंच आणि खाली हिरवं-काळं पाणी. या सफरीतली सर्वांत सुंदर पाच मिनिटं हीच. आणि काही चुकलंच, तर वळायची गरज नाही. सरळ पुढे जात राहिलं की फ्योर्ड ऑरलांड्सफ्योर्डमध्ये उघडतो आणि तो सोग्नेफ्योर्डमध्ये. चढणीने जाणाऱ्याला ही सोय नसते. बर्गन ते सोग्नडाल हा पहिला टप्पा पाऊण ते एक तासाचा.

वळणाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण दरीतले बहुतेक अपघात इथेच होतात. ११० नॉटवर ३० अंश कलून पूर्ण मागे फिरायला सुमारे १,१३० मीटर रुंदी लागते. ९० नॉटवर ७६० मीटर, ७० नॉटवर ४६०. वेग निम्मा केला की लागणारी जागा चौथाईवर येते, म्हणून दरीत आधी वेग कमी करायचा आणि मग वळायचं. ७० नॉटवर ४५ अंश कललात तरी २६५ मीटर लागतातच, म्हणजे नॅरोयफ्योर्डच्या सर्वांत अरुंद जागी पाण्यालगत मागे फिरणं शक्यच नाही. शिवाय ४५ अंशांवर स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो, १९ टक्क्यांनी वाढतो. त्याचा इशारा देणारा हॉर्न वाजायला लागला की स्टिक ओढायची नाही, कल कमी करायचा.

याचा सराव नॉर्वेत करू नका, लोणारला करा. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. उजव्या काठाला चिकटून ९० नॉटवर उडा आणि ३० अंश डावीकडे कला. विवराच्या मध्यरेषेच्या अलीकडेच विमान पूर्ण उलटं फिरलं पाहिजे. मध्यरेषा ओलांडली गेली तर एक तर वेग जास्त आहे, नाहीतर कल २० अंशांवरच अडकलाय. नवशिक्यांचा कल हमखास कमी पडतो, कारण स्क्रीनवर ३० अंश खूप वाटतात. अ‍ॅटिट्यूड इंडिकेटर या कल दाखवणाऱ्या तबकडीवरची खूण बघूनच कला. हे जमलं की चिखलदऱ्याच्या दऱ्यांमध्ये दोन फेऱ्या मारा आणि मगच बर्गन निवडा.

दरीत मधोमध उडू नका. एका बाजूला सरकून उडलात तर वळायला अख्खी रुंदी मिळते. वैमानिक डाव्या सीटवर बसतो, त्यामुळे उजवी भिंत धरून डावीकडे वळणं सोपं जातं, समोरची भिंत खिडकीतून दिसत राहते. वाऱ्याचंही तेच. वारा ज्या उतारावर आपटून वर चढतो ती बाजू विमानाला उचलते, डोंगराआडची बाजू खाली दाबते. सिम्युलेटर हे बऱ्यापैकी खरं दाखवतो. लाइव्ह वेदरवर (तिथलं त्या वेळचं खरं हवामान) पश्चिमेचा २०-२५ नॉट वारा असेल तर डोंगराआड व्हर्टिकल स्पीडचा, म्हणजे चढ-उताराच्या वेगाचा काटा मिनिटाला उणे ५०० फुटांवर गेलेला दिसेल. पहिल्या खेपेला लाइव्ह वेदर बंद ठेवून विरळ ढगांचा तयार पर्याय (प्रीसेट) घ्यावा, कारण बर्गन पावसाचं गाव आहे आणि ढग बऱ्याचदा डोंगरमाथ्याच्या खाली उतरलेले असतात.

वेळेचंही बघा. नागपुरात रात्रीचे आठ म्हणजे डिसेंबरात बर्गनला दुपारचे साडेतीन, आणि त्याच सुमाराला तिथे सूर्य मावळतो. ऑफिसातून येऊन लाइव्ह टाइमवर सफर सुरू केली की काळोखात उडणं होतं. तारीख जूनची ठेवा आणि वेळ सकाळी नऊच्या आसपास. उन्हाची तिरीप एका भिंतीवर, दुसरी सावलीत, आणि दरीची खोली डोळ्यांना कळते. भर दुपारच्या प्रकाशात सगळं सपाट वाटतं.

सोग्नडालचा विमानतळ ४९८ मीटर उंचीवर, डोंगरमाथा सपाट करून बांधलेला आहे. मंगळुरूसारखा टेबलटॉप. खाली फ्योर्ड समुद्रसपाटीला असल्यामुळे आपण खूप उंच आहोत असं वाटतं आणि हात आपोआप विमान खाली नेतो. अल्टिमीटरवर, म्हणजे उंची दाखवणाऱ्या काट्यावर विश्वास ठेवा, २,६०० फुटांवर सर्किट (उतरण्याआधीची धावपट्टीभोवतीची फेरी) धरा. त्याआधी कीबोर्डवर ‘बी’ दाबून अल्टिमीटर तिथल्या हवेच्या दाबावर सेट करा. हे विसरलात आणि हवेचा दाब बर्गनपेक्षा १० हेक्टोपास्कलने कमी असला, तर काटा जवळपास २७० फूट जास्त दाखवेल. अंतिम टप्प्यावर ६५ नॉट, फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) पूर्ण. धावपट्टीच्या काठाशी वारा खाली खेचतो, तेव्हा काठ ओलांडेपर्यंत थोडी पॉवर ठेवाच.

आता चित्र कसं दिसतं ते. जून २०२१ मध्ये आलेला नॉर्डिक वर्ल्ड अपडेट (त्या भागाचं सुधारलेलं दृश्य) फुकट आहे, पण २०२० च्या आवृत्तीत आपोआप येत नाही. मार्केटप्लेसमधून वेगळा उतरवावा लागतो, आणि ‘डोंगर गुळगुळीत दिसतात’ ही तक्रार करणाऱ्यांनी आधी तो आहे का ते पाहावं. तो घातल्यावर डोंगरांचे आकार, बर्फाच्या कडा, पाण्यावरचा प्रकाश, सगळं उत्तम. कमकुवत बाजू म्हणजे उभे कडे. छायाचित्रं वरून घेतलेली असतात. हजार मीटर उंच भिंत वरून पाहिली तर काही पिक्सेलांत मावते, आणि तेच पिक्सेल ताणून भिंतीवर चढवले की रंग ओघळल्यासारखे दिसतात. बहुतेक धबधबेही त्यामुळेच भिंतीवरच्या पांढऱ्या पट्ट्यासारखे राहतात. कड्यापासून ५०० मीटर दूर राहिलात तर हे खटकत नाही.

सेटिंगमध्ये टेरेन लेव्हल ऑफ डीटेल (जमिनीचे बारकावे किती दूरवर दिसावेत ते) सर्वांत महत्त्वाचं. १०० वर लांबचे डोंगर वितळलेले दिसतात, २०० वर सुळके धारदार होतात. भार प्रोसेसरवर येतो, म्हणून ऑब्जेक्ट लेव्हल १०० वरच ठेवा. फ्योर्डमध्ये इमारती आहेतच किती? ढग अल्ट्राऐवजी हायवर आणा, ग्राफिक्स कार्डाला मोठा दिलासा मिळतो. कंपनीने २०२० च्या आवृत्तीसाठी सुचवलेलं मशीन १६ जीबी रॅम आणि २० एमबीपीएस इंटरनेटचं आहे, डिस्कवर १५० जीबी जागा लागते. नोव्हेंबर २०२४ ला आलेली नवी आवृत्ती डिस्कवर ५० जीबीच घेते, पण बाकीचं उडताना इंटरनेटवरून ओढत राहते आणि सुचवलेला वेग ५० एमबीपीएस आहे. संध्याकाळी फायबरचा वेग डुगडुगतो अशा वस्तीत राहत असाल आणि २०२० ची आवृत्ती घेतलेली असेल, तर या सफरीसाठी तीच बरी. मोबाइल हॉटस्पॉटवर प्रयत्न करू नका. रोलिंग कॅशे (उतरवलेली दृश्यं साठवणारी फाइल) मूळच्या ८ जीबीवरून ३२ वर न्या आणि एसएसडीवर ठेवा, म्हणजे तोच मार्ग दुसऱ्यांदा उडताना दृश्य अडखळत नाही. लाइट गेल्यावर पीसी धाडकन बंद झाला असेल आणि नंतर सिम्युलेटर ठरावीक जागी अडकत असेल, तर कॅशे फाइल बिघडलीय असं समजा. ती डिलीट करून नवी बनवा.

लाइटचा विषय निघालाच आहे तर, ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, आणि गेमिंग पीसी उडताना त्याच्या वर जाऊ शकतो. १,००० व्हीएच्या खाली घेऊ नका. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर हवं, नाहीतर लाइट जाताच पीसी रीस्टार्ट होतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना कार्ड तापून स्वतःचा वेग कमी करतं. फ्रेम रेट ३० वर बांधा. निसर्ग पाहण्याच्या संथ उड्डाणाला ३० स्थिर फ्रेम पुरतात. आणि कूलरचा झोत कॅबिनेटवर सोडू नका. ओल्या हवेबरोबर धूळ आत जाते, फिनमध्ये चिकटते आणि पुढच्या उन्हाळ्यात कार्ड आणखी तापतं. धुळीची जाळी दर पंधरा दिवसांनी झटकावी.

कीबोर्डवर ही सफर करू नये, विमान झटक्याझटक्याने कलतं. मूठ फिरवून रडर (विमानाचं शेपटीचं सुकाणू) देता येईल अशी साधी जॉयस्टिक सीताबर्डीवर मिळते. घेताना दुकानातच लावून पाहा. हात काढल्यावर मधला बिंदू थरथरत असेल तर ती नको. घरी सेन्सिटिव्हिटी उणे ३० टक्के, डेडझोन (मधली, हालचाल न मोजणारी जागा) ३ टक्के.

दुसरा टप्पा सोग्नडाल ते ओलेसुंड. योस्टेडाल्सब्रेन ही युरोपच्या मुख्य भूमीवरची सर्वांत मोठी हिमनदी ओलांडायला ८,५०० फूट हवेत, म्हणजे ३,००० फुटांनंतर मिक्स्चर लीन करायला, म्हणजे हवेतलं इंधनाचं प्रमाण कमी करायला शिका. ऑटो मिक्स्चर चालू असेल तर प्रश्न नाही, पण बंद करून विसरलात तर इंजिन खडखडतं आणि ७,००० च्या वर चढणं मंदावतं. १,४७६ मीटरच्या दाल्स्निब्बा डोंगरावर ६,००० फुटांनी या, गैरांगर गावावर गोल घिरट्या घालत २,५०० पर्यंत उतरा, मग फ्योर्ड धरा. ‘सात बहिणी’ हा धबधबा उजव्या, उत्तरेच्या भिंतीवर आहे, तेव्हा इथे मात्र डावी बाजू धरा आणि इन्सर्ट दाबून ड्रोन कॅमेरा बाहेर काढण्याआधी विमान ऑटोपायलटच्या हेडिंग मोडवर टाका. पुढे सुन्निल्व्सफ्योर्डला उजवीकडे वळण आहे. कॅमेऱ्यात गुंगलात तर हेडिंग मोड सरळ समोरच्या डोंगरात नेतो.