एअर फ्रायर: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत वापरून झाल्यावर

दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेल्या एअर फ्रायरबद्दल इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच सविस्तर लिहून टाकतो. जाहिरातीत होतं की तळलेलं सगळं यात होतं, तेही नावापुरत्या तेलात. फराळ झाला, उपासाचे दिवस झाले, आता भजी-वड्यांचा मोसमही बघून झाला. माझं मत स्पष्ट आहे. तळणासाठी घेत असाल तर पैसे वाचवा. भाजण्यासाठी घेत असाल तर जरूर घ्या. आमच्या घरात कढई जिथे होती तिथेच आहे. तव्यावर, जाळीवर आणि गॅसच्या ज्योतीवर चालणारी निम्मी कामं मात्र या डब्याकडे गेली.

माझा अगदी साधा आहे. ४ लिटरची टोपली, १५०० वॅट, तापमान ८० ते २०० अंश, दोन फिरवायची बटणं. आत दिवा नाही, काच नाही. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या किमतीतले सगळे आतून जवळपास सारखेच: वर कॉइल, तिच्यावर पंखा, खाली जाळीची टोपली. गरम हवा त्या छोट्या जागेत जोरात फिरते, एवढंच त्याचं गुपित. २०१० साली फिलिप्सनं बर्लिनच्या प्रदर्शनात हे यंत्र पहिल्यांदा लोकांपुढे आणलं. मुळात हा पंख्याचा लहानसा ओव्हनच आहे. सोबत आलेल्या पुस्तिकेत फ्राइज, नगेट्स, मफिन असलं सगळं आहे. कोथिंबीर वडीला किती अंश आणि बट्टीला किती मिनिटं, हे ज्याचं त्यानं शोधायचं. म्हणून हा एवढा पसारा.

आधी जे होत नाही ते सांगतो. बटाटेवडा होत नाही. गरम तेलात वडा सोडला की बेसन क्षणात धरतं, कारण तेल चहूबाजूंनी एकदम उष्णता देतं. हवेला ते जमत नाही. पीठ धरायच्या आधीच ओघळतं आणि जाळीतून खाली जातं. पीठ घट्ट केलं तर ओघळत नाही, पण मग वड्यावर पिठल्याचा जाड लेप सुकून बसल्यासारखं लागतं. कांदाभजीचंही तेच. इंटरनेटवर फोटो छान दिसतात, चव फोटोत येत नाही.

चकलीवर मी बराच जीव टाकला. भाजणी घरची, मोहन नेहमीचं, १८० अंश. रंग सुरेख आला, काटे उभे राहिले, आणि चकली दाताला लागली कडक. तेलात पडल्यावर आतल्या पाण्याची वाफ धडाक्यानं बाहेर पडते, तिच्यामुळे चकलीला आतून बारीक जाळी पडते. हवेत तेच पाणी सावकाश सुकत जातं, त्यामुळे जाळी पडत नाही आणि चकली नुसती वाळते. मोहन वाढवलं तर कडकपणा कमी होतो, पण सोऱ्यातून पाडतानाच तुकडे पडायला लागतात. साबुदाणा वड्याची तऱ्हा आणखी वाईट: बाहेरचा साबुदाणा खड्यासारखा टणक, आतला चिवट. कमी तेलाचाच वडा हवा असेल तर आप्पेपात्र काढा, प्रत्येक खळग्यात अर्धा चमचा तूप सोडा. ते यापेक्षा दसपट बरं.

आता खरी गंमत. जे पदार्थ आपण आधी उकडतो आणि मग तळतो, ते यात फार छान होतात. आतून शिजलेले असतात, आकार धरलेला असतो, फक्त बाहेरून कुरकुरीत व्हायचे बाकी असतात. कोथिंबीर वडी हे त्याचं पहिलं उदाहरण. तिच्यात दोन बदल करावे लागले. तळणाच्या वडीचं पीठ आपण घट्ट भिजवतो. तेच इथे वापरलं तर वडी आतून कोरडी होते, घास घशात अडकतो. म्हणून पीठ थोडं सैल ठेवायचं, त्यात दोन चमचे दही आणि चमचाभर गरम तेल घालायचं. दुसरं म्हणजे वड्या जाड कापायच्या, बोटाएवढ्या. उकडलेला उंडा पूर्ण गार करून कापला, दोन्ही बाजूंना ब्रशनं तेल लावलं, १९० अंशावर १२ ते १४ मिनिटं ठेवलं आणि मध्ये एकदा उलटलं की झालं. तीळ वरून लावू नका, गळून खाली जळतात. पिठातच मिसळा.

अळूवडीला मात्र १९० जास्त होतं. चिंच-गुळाच्या पिठातला गूळ लवकर करपतो आणि पानाच्या सुट्या कडा काळ्या पडतात. १७० अंश, १५ मिनिटं, आणि उंडा बांधताना कडा नीट आत दुमडलेल्या. आमच्याकडे आता अळूवडी तळत नाही. तेलकटपणा नसल्यामुळे अळूची आणि चिंचेची चव उलट जास्त कळते. तळलेली ती तळलेलीच, असं आई म्हणते, आणि तिच्याशी वाद घालायची माझी हिंमत नाही.

पण सगळ्यात मोठं यश म्हणजे खानदेशी बट्टी. सासर जळगावकडचं, त्यामुळे वरण-बट्टी हा आमच्याकडे रविवारचा बेत. गव्हाचं जाडसर पीठ, थोडा मक्याचा रवा, ओवा, हळद, मीठ, सढळ हातानं मोहन. गोळे वाफवायचे, गार झाल्यावर कापायचे आणि तुपात तळायचे, ही तिकडची पद्धत. मी वाफवून कापेपर्यंत सगळं तसंच करतो. मग फोडींना तूप चोळून २०० अंशावर १५ मिनिटं. कडा खरपूस, आत मऊ, आणि कढईभर तूप वाचतं. वाचलेल्या तुपातलं थोडं वरणावर ओतलं की कुणाची तक्रार राहत नाही.

त्याच घरात भरताची परीक्षा मात्र कठीण गेली. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. ती मोठी, हिरवट-पांढुरकी, कमी बियांची वांगी तिकडे शेतात पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात. मी टोचे मारून, तेल चोळून २०० अंशावर २५ मिनिटं ठेवलं. गर लोण्यासारखा झाला, साल एका ओढीत निघाली. सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "शिजलंय मस्त, जावईबापू. धूर कुठंय?" बरोबर आहे. यंत्रात उष्णता आहे, धूर नाही. आता मी वांगं आत १८ मिनिटं ठेवतो आणि शेवटची चार-पाच मिनिटं जाळीवर थेट गॅसच्या ज्योतीत फिरवतो. आत शिजायची खात्री यंत्राची, साल जळल्याचा वास गॅसचा. शिवाय वांगं ओट्यावर गळत नाही आणि बर्नर तुंबत नाहीत, हा फायदा ज्यानं बर्नर घासलेत त्यालाच कळेल. काड्यांची सर तरीही नाही. कांद्याची पात, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी असली की मंडळी सोडून देतात.

माझं स्वतःचं घर मालवणी, त्यामुळे माशांचे प्रयोग होणारच होते. रवा लावलेली सुरमई यात करू नये. रव्याला तेल पोचत नाही, तो पांढरा आणि कचकचीत राहतो, आणि रवा तांबूस होईपर्यंत आतली सुरमई कोरडी पडते. तव्यावर चार चमचे तेलात ती दहा मिनिटांत होते, मग हा खटाटोप कशाला? बोंबील तर नकोच. वजनाखाली दाबून पाणी काढलं तरी तो जाळीला चिकटून बसतो. पण बांगडा! बांगड्याच्या अंगात स्वतःचीच चरबी असते, तीच सुटून त्याला भाजते. पोट चिरून रेशाद, म्हणजे गोव्याकडचा लाल मिरचीचा मसाला भरला, बाहेरून आगळ (कोकमाचा रस), हळद, मीठ लावलं, १९० अंशावर १४ मिनिटं. उलटायचीही गरज नाही, आणि उलटायला गेलात तर मोडेल. खाली केळीच्या पानाचा तुकडा घातला तर चिकटत नाही, फक्त पान टोपलीपेक्षा लहान हवं, नाहीतर हवा फिरत नाही. वास मात्र घरभर होतो. तव्यावर होतो त्याहून कमी, पण होतो. दुसऱ्या दिवशी त्याच टोपलीत नानकटाई ठेवणार असाल तर आधी नीट धुवा.

रोजच्या वापरात हे यंत्र खरं कामाला येतं ते मात्र भाजून ठेवायच्या जिन्नसांसाठी. पाव किलो शेंगदाणे १६० अंशावर १० ते १२ मिनिटं, मध्ये दोनदा हलवायचे. कढईजवळ उभं राहावं लागत नाही, एकही दाणा काळा पडत नाही आणि सालं नुसती चोळली की निघतात. थोडे फिके असतानाच काढा आणि लगेच ताटात पसरा, कारण बाहेर आल्यावरही आतल्या उष्णतेनं रंग चढत राहतो. वाटणाचा कांदा उभा चिरून, चमचाभर तेल चोळून १७० अंशावर साधारण १५ मिनिटं, दर पाच मिनिटांनी टोपली हलवून. सुक्या खोबऱ्याचे काप १५० वर चारेक मिनिटं, आणि तेवढा वेळ दुसरीकडे जायचं नाही. किस घालू नका. किस हलका असतो, पंख्यानं उडतो आणि वर कॉइलवर जाऊन जळतो.

हे उडण्याचं प्रकरण पुस्तिकेत एका ओळीत उरकलंय, पण आपल्या स्वयंपाकात त्याला महत्त्व आहे. पातळ पोहे उडतात, कढीपत्ता उडतो, उडदाचा पापड तर सरळ वर जाऊन चिकटतो. खसखस आणि धणे उडत नाहीत, पण जाळीतून खाली गळतात. दिवाळीच्या चिवड्यासाठी म्हणून पोहे यात कुरकुरीत करायचे असतील तर वर स्टीलची छोटी जाळी उपडी ठेवावी लागते. एका वेळी मूठ-दोन मुठीच मावतात, तेव्हा किलोभर चिवड्याला कढईच बरी. शंकरपाळी मात्र सुरेख होते, बिस्किटासारखी, १६० अंशावर. करंजीला वरून दुधाचा हात लावला तर रंग येतो, पण पापुद्रे सुटत नाहीत. चव नानकटाईच्या जवळ जाते. आमच्याकडे मुलांना आवडली, मोठ्यांनी डबा बाजूला सरकवला.

उपासाला रताळी करून बघाच. धुवून पुसून, अख्खी, १९० अंशावर ३५ मिनिटं, मोठी असतील तर आणखी दहा. साल सुटते आणि गोड रस कडेनं बाहेर येऊन घट्ट होतो. उकडलेल्या रताळ्याला ही चव येत नाही. शिळ्या समोशाला, वड्याला १६० वर पाच मिनिटं पुरतात, मायक्रोवेव्हसारखं रबर होत नाही. रात्रीच्या ज्वारीच्या भाकरीचे तुकडे तेल-तिखट-मीठ लावून ठेवले तर चहाबरोबर संपतात. पुरणपोळी ठेवू नका, सुकते. तिला तवा आणि तूपच.

ओव्हनच्या रेसिपी यात करताना मी तापमान २० अंशांनी आणि वेळ पाचव्या हिश्श्यानं कमी करतो. पुढचं डोळ्यांनी ठरवायचं. केकच्या भानगडीत पडू नका. वरून पंख्याची हवा लागते, आत ओला असतानाच वर भेग पडते.

विजेचं लोक फार विचारतात. १५०० वॅट म्हणजे वीस मिनिटं सलग चालला तरी अर्धा युनिट, आणि तापमान गाठल्यावर कॉइल मधूनमधून बंद होत असल्यानं प्रत्यक्षात त्याहून कमी. मात्र तो साडेसहा अँपिअर ओढतो, त्यामुळे गीझर-फ्रिजला असतो तसा १६ अँपिअरचा सॉकेट लागतो. मिक्सरबरोबर एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका. जुन्या इमारतीत ओट्याजवळ असा सॉकेट आहे का, हे खरेदीच्या आधी बघा.

मापाबद्दल. ४ लिटर दोघांना पुरतं, चौघांना दोन घाणे काढावे लागतात आणि पहिला घाणा तोवर गार होतो. चौघांच्या घरानं ६ लिटरच्या आसपासचा घ्यावा, ओट्यावर जागा असेल तर. टोपली चौकोनी बघा, गोल टोपलीत बांगडे वाकडे घालावे लागतात.

टोपलीवरचा काळा लेप हा या यंत्राचा कच्चा दुवा. माझ्या टोपलीचा कोपऱ्यात थोडा निघालाय, तारेची घासणी एकदाही न लावता. डब्यातले तेलाचे तयार स्प्रे वापरू नका. त्यांत लेसिथिन नावाचा घटक असतो, त्याचा चिकट थर बसतो, तो निघत नाही आणि घासताना लेप जातो. सिलिकॉनचा ब्रश पुरतो. वापरून झाल्यावर टोपलीत गरम पाणी आणि थेंबभर साबण घालून जेवण होईस्तोवर ठेवलं की जाळी सुटी होते, हळदीचा पिवळा डाग तेवढा राहतो. दुकानात विचारायचं ते एवढंच, की सुटी टोपली वेगळी विकत मिळते का आणि केवढ्याला. माझ्या दुकानदारानं "मिळेल ना" म्हटलं होतं. आता मागायला गेलो तर हे मॉडेल बंद झालंय म्हणतो.