वेळेच्या टोल्यांसाठी शॉर्टवेव्ह रेडिओ: काही महिन्यांच्या वापरानंतर

मोबाइलवर अचूक वेळ फुकट मिळत असताना त्यासाठी वेगळा रेडिओ कशाला, असं अनेक जण विचारतात. मी एसएसबीची (नुसत्या रेडिओलहरीचा संकेतही सूर म्हणून ऐकवणारी पद्धत) सोय असलेला छोटा शॉर्टवेव्ह रेडिओ काही महिने याच कामासाठी वापरतोय आणि माझं मत पक्कं झालंय: शॉर्टवेव्हवरून सेकंदासेकंदाला वेळेचे टोले देणारी ही स्टेशनं टिकायला हवीत.

माझ्याकडे चावीची घड्याळं आहेत. ती रोज किती सेकंद पुढे-मागे जातात हे तपासताना टोला कानाने ऐकायचा आणि नजर फक्त सेकंदकाट्यावर ठेवायची. स्क्रीनवरचे आकडे बघून हे इतकं नेमकं जमत नाही. चीनचं बीपीएम हे स्टेशन ५ आणि १० मेगाहर्ट्झवर चोवीस तास चालू असतं. मात्र २५ ते २९ आणि ५५ ते ५९ या मिनिटांत ते यूटी१, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यावरून ठरणारी वेळ देतं. तेव्हाचे टोले लांबट असतात. त्यांवर घड्याळ लावू नका. मॉस्कोचं आरडब्ल्यूएम स्टेशन ९९९६ किलोहर्ट्झवर मिळतं, पण एसएसबी नसेल तर नुसती टिचटिच. शिवाय १० मेगाहर्ट्झच्या संकेताशी झीरो बीट केलं, म्हणजे एसएसबीवर ऐकू येणारा सूर शून्यावर येईपर्यंत ट्यून केलं, की रेडिओचा डिस्प्ले किती सरकलाय तेही कळतं.

त्रासही आहे. चार्जर आणि एलईडी दिव्यांची घरघर कमकुवत संकेत गिळून टाकते. खिडकीबाहेर काही मीटर वायर सोडल्यावर बराच फरक पडला. दर हजार किलोमीटरमागे साधारण ३.३ मिलिसेकंदांचा उशीर होतो, त्यामुळे मिलिसेकंदांच्या कामाला जीपीएसच हवं.

पण जीपीएसचा संकेत फार क्षीण असतो, तो जॅम करता येतो. शॉर्टवेव्हची वेळ पूर्णपणे वेगळ्या वाटेने येते, तीही साध्या रेडिओवर. तरी जपानने २००१ मध्ये जेजेवाय या आपल्या वेळेच्या स्टेशनचं शॉर्टवेव्ह प्रक्षेपण थांबवलं, ऑस्ट्रेलियाचं व्हीएनजी २००२ च्या अखेरीस बंद पडलं. अमेरिकेत २०१८ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूव्ही आणि हवाईचं डब्ल्यूडब्ल्यूव्हीएच बंद करण्याचा प्रस्ताव अर्थसंकल्पात आला होता. ती वाचली, याचा मला मनापासून आनंद आहे. सौरज्वालेच्या वेळी दिवसाच्या बाजूला खालच्या फ्रिक्वेन्सी आधी बुडतात, हे या स्थिर संकेतांवरूनच घरबसल्या समजतं. त्यांची जागा कुठलंही ॲप घेणार नाही.

घ्यायचाच तर एसएसबीवर १० हर्ट्झच्या पायरीने ट्यून होणारा रेडिओ घ्या. रात्री ५ मेगाहर्ट्झ, दिवसा १० किंवा १५ लावून बघा.