शिंपला फोडू देऊ नका

धानाचे चुकारे खात्यात जमा झाले की आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या साकोली-लाखांदूर भागात पुरीच्या तिकिटांची विचारपूस सुरू होते. गोंदियाहून थेट गाडी मिळते, जगन्नाथाचं दर्शन होतं आणि जन्मभर बोड्या नि मालगुजारी तलाव पाहिलेल्या माणसाला समुद्र पाहायला मिळतो. रोवणा, कापणी, चुरणा यांत कंबर मोडलेल्या बाईला तर कोणी "चहा मांड" न म्हणता नुसतं बसायला मिळतं, हेच मोठं. यंदा गावातली दोन घरं निघाली आहेत. त्यांना तोंडी सांगून झालं, बाकीच्यांसाठी लिहिते आहे. देवळातल्या पंड्यांबद्दल सगळे सगळ्यांना सावध करतात. समुद्रावरच्या आणि जवळच्या चिलिका सरोवरावरच्या विक्रेत्यांबद्दल मात्र कोणी बोलत नाही. फसून आलेला माणूस घरी मोती दाखवतो, किती दिले ते सांगत नाही.

आम्ही घरचेच होतो. मी, हे, भासरे म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, जाऊबाई आणि त्यांची धाकटी पोरगी. देवदर्शन उरकल्यावर समुद्रावर निवांत बसायचं, एवढाच बेत.

स्वर्गद्वाराच्या बाजूला सगळ्यात जास्त गर्दी. तिथं प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून पोरं उभी असतात. "बैठिए माताजी, बीस रुपया." वीस रुपये काही जास्त नाहीत, म्हणून बसलो. उठताना कळलं की ते वीस एका खुर्चीचे आणि एका तासाचे, आणि दुसरा तास लागून गेला म्हणून तोही पुरा धरायचा. पोरगी सारा वेळ पाण्यात होती, पण तिच्या चपला एका खुर्चीवर ठेवल्या होत्या, म्हणून त्या खुर्चीचेही पैसे. फोटोवाल्याचंही तेच. "एक फोटो तीस रुपया, पसंद आए तो लेना" म्हणून तो लाटेत उभं करतो, हात वर करायला लावतो, सूर्य तळहातावर धरायला लावतो, आणि संध्याकाळी छापलेल्या फोटोंची गड्डी घेऊन हॉटेलच्या दारात हजर. त्यातले चार घेऊ म्हटलं तर बाकीच्यांच्या कागदाचा खर्च सांगतो.

ही किरकोळ लूट झाली. खरा त्रास वेगळाच. मी एका पोराकडून शंखांची माळ घेतली, पन्नास रुपयांची. तो हलत नव्हता आणि मला समुद्राचा आवाज ऐकायचा होता, म्हणून घेतली. माळ हातात पडते न पडते तोच लाकडी जगन्नाथवाला आला, त्याच्यामागं मोत्यांच्या सरांचा खोका गळ्यात अडकवलेला माणूस, मग घोडेवाला, मग कान साफ करणारा. तिथं एकाकडून घेतलं की ते साऱ्या किनाऱ्याला दिसतं. माणूस माळेचे पैसे देत नाही, विक्रेत्यानं निघून जावं म्हणून देतो, आणि तेवढ्यानंच पुढचा येतो. म्हणून पहिल्या दिवशी तरी वाळूत बसून पाकीट काढू नका. "नको" एकदाच म्हणा आणि पुन्हा त्याच्याकडं पाहू नका. "कितीला?" हा प्रश्न तर सहज म्हणूनही विचारू नका. भाव विचारला म्हणजे घ्यायचं ठरलं, अशी तिथली समजूत आहे.

झालमुढी म्हणजे तिखट मुरमुरे विकणाऱ्यांबद्दल आणि चहावाल्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांचा भाव ठरलेला, माल समोर, हिशेब तिथल्या तिथं. शिंपल्यांचे पडदे नि आरसे विकणाऱ्या बायाही शिंपल्याला शिंपलाच म्हणतात. फसवणूक सुरू होते ती 'असली' या शब्दापाशी.

आणि निवांतच बसायचं असेल तर पुरीतच त्याची सोय आहे. तिथल्या गोल्डन बीच म्हणतात त्या पट्ट्याला २०२० साली स्वच्छ किनाऱ्याचं ब्लू फ्लॅग मानांकन मिळालं. आत जायला छोटं तिकीट आहे आणि विक्रेत्यांना आत मनाई आहे. हे आम्हाला निघायच्या आदल्या दिवशी हॉटेलच्या चौकीदारानं सांगितलं, तोवर पाकीट हलकं झालं होतं.

ते हलकं झालं चिलिकाला.

चिलिका हे आशियातलं सगळ्यात मोठं मचूळ पाण्याचं सरोवर. १९८१ मध्ये पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेलेल्या भारताच्या पहिल्या दोन जागांपैकी एक. पुरीहून पन्नासेक किलोमीटरवर सातपाडा आहे, तिथून नावा निघतात. फलकांवर उड्या मारणारे डॉल्फिन रंगवलेले असतात, पण इथला डॉल्फिन इरावती जातीचा. त्याला चोच नसते आणि त्या चित्रातल्यासारख्या उड्याही तो मारत नाही. दिसते ती पाण्यावर आलेली करडी पाठ, क्षणभर. ती पाहून आमची पोरगी खूश झाली. तो प्रवास खरंच सुंदर आहे, हिवाळ्यात पक्षी तर इतके की भासरे, जे कधी कशाला बरं म्हणत नाहीत, तेही दोनदा बरं म्हणाले.

नंतर नावाड्यानं एका वाळूच्या पट्ट्याला नाव लावली. "पाँच मिनट, लाल केकड़ा देख लो." एका माणसानं मगमधून लाल खेकडा काढून पोरीच्या पुढ्यात सोडला. पैसे मागितले नाहीत. त्याच्या शेजारीच एक जण पाण्यानं भरलेला टोपला घेऊन बसला होता. टोपल्यात काही शिंपले, मांडीजवळ चाकू.

त्यानं आम्हाला सगळ्यांना एकदा नीट पाहून घेतलं. मी आणि जाऊबाई जरा मागं, हे भासऱ्यांच्या एक पाऊल मागं. कोण कोणापुढं बोलणार नाही, हे त्याला तेवढ्यावरून कळलं असावं. शिंपला त्यानं थेट भासऱ्यांच्या हातात दिला. "आप चुनो बड़े भैया. आपके नसीब का. नहीं निकला तो एक पैसा नहीं."

पहिला शिंपला फोडला, रिकामा निघाला. "नहीं निकला," म्हणून त्यानं तो खुशाल फेकून दिला. सारा खेळ त्या रिकाम्या शिंपल्यात आहे. पहिल्यातच मोती निघाला असता तर आमच्यातल्या कोणीतरी भुवई उचलली असती. दुसऱ्यात त्यानं मांसात बोट फिरवलं आणि हरभऱ्याएवढा पांढरा मोती बाहेर आला, त्याला बुळबुळीत धागे चिकटलेले. "अवो माय!" जाऊबाईंच्या तोंडून निघालं. तिसऱ्यातही मोती.

मग परीक्षा सुरू. लायटर पेटवून मोती ज्योतीत धरला. वितळला नाही, काळा पडला नाही. दगडावर घासला, चरा नाही. "नकली होता तो जल जाता." मग त्यानं एक राखाडी ढेकूळ घेतलं, ठोकलं आणि आतून लालभडक मुंगा, म्हणजे पोवळं, काढला. "घर में किसी को मंगल है?" हा प्रश्न तो प्रत्येकालाच विचारत असणार. आमच्या थोरल्या पुतणीच्या पत्रिकेत मंगळ आहे आणि दोन स्थळं त्यावरून परत गेली आहेत, हे जाऊबाईंच्या चेहऱ्यावर त्यानं वाचलं.

दोन मोती आणि मुंगा मिळून आठ हजार. ह्यांनी हळूच "नाही पाहिजे" म्हटलं, तसा सूर बदलला. "फोड़ने से पहले बोलना था साहब. अब ये सीप किसको बेचूँ?" आजूबाजूला तीन-चार जण येऊन उभे राहिले. दमदाटी कोणी केली नाही, नुसते उभे होते. नावाडी पाण्याकडं पाहत बिडी ओढत होता. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली, पण इंजिनला हात लावेना. भासऱ्यांकडं पाहून टोपलेवाला म्हणाला, "बड़े भैया ने अपने हाथ से चुना है." आता धाकट्या भावानं, त्यातून सुनांसमोर, "हे खोटं आहे" कसं म्हणावं? भाव आठ हजारांवरून सव्वीसशेवर आला. एवढ्या उतरणीतच काय ते समजायला हवं, पण तिथं उभ्या असलेल्या माणसाला ती आपली जीत वाटते. भासऱ्यांनी नोटा मोजून दिल्या. इंजिन लगेच सुरू झालं.

गावी आल्यावर मोती अंगठीत बसवायला लाखनीच्या सोनाराकडं नेले. त्यानं ब्लेडचं टोक फिरवलं, वरचा चकाकता थर पापुद्र्यानं निघाला, आत काच. मुंग्याला तापवलेली सुई लावली तर जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. लायटरचं कोडंही त्यानंच उलगडलं. काच लायटरनं जळत नाही, म्हणून तर ती त्यात तगते. उलट खरा मोती आचेनं खराब होतो, त्यामुळं अस्सल माल असलेला माणूस तो ज्योतीत कधीच धरणार नाही. आपल्याला करता येण्याजोगी परीक्षा म्हणजे मोती दाताच्या कडेवर हलका घासायचा. खरा किंचित किरकिरतो, काच-प्लास्टिक गुळगुळीत सरकतं. आणि लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातून येतं. चिलिकाच्या गढूळ मचूळ पाण्यातल्या ढेकळात ते निघण्याचं कारणच नाही.

पण मला सगळ्यात पटलं ते आमच्या शेजारच्या ढिवर काकांचं. पोरीनं आठवण म्हणून एक फोडलेला शिंपला आणला होता. काकांचं आयुष्य तलावात मासे धरण्यात गेलं. त्यांनी तो हातात फिरवला, सांध्याजवळ नख लावून पाहिलं आणि विचारलं, "ह्या चाकूनं किती वेळ लागला उघडाले?" म्हटलं, लगेच उघडला, टोक लावलं की झालं. काका हसले. "बाई, जित्ता शिपला असा उघडते काय? तो तं तोंड असा आवरते का माणसाचा जीव जाते. हा पयलेच मेला होता. कोनीतरी उघडला, आत घातला अन् मिटून पान्यात ठेवला." त्या टोपल्याला मासळीसारखा नव्हे तर कुजका वास होता, हे तेव्हा आठवलं. त्या वाळूच्या पट्ट्यावर तो आम्ही समुद्राचाच वास समजलो होतो.

आणखी एक. ज्या भुवनेश्वर-पुरी रस्त्यानं लोक जातात, त्याच बाजूला कौसल्यागंगा इथं गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाची केंद्रीय संशोधन संस्था आहे. गोड्या पाण्याच्या शिंपल्यात मोती कसा तयार करायचा याचं तंत्र तिथं विकसित झालं. शिंपल्यावर शस्त्रक्रिया करून आत केंद्रक, म्हणजे ज्याभोवती मोती वाढतो तो बारीक मणी, बसवायचं, मग तो महिनोन् महिने पाण्यात सांभाळायचा, त्यातले कित्येक मरतात, तेव्हा कुठं थोडे मोती हाती येतात. आपोआप झालेला गोल मोती तर फार दुर्मीळ. तो टोपल्यातल्या दर दुसऱ्या शिंपल्यात निघत असता तर टोपलेवाला वाळूत बसला नसता. (मोत्याच्या शेतीत पैसे गुंतवा, माल आम्हीच परत घेऊ, म्हणणारे लोक आपल्या जिल्ह्यातही फिरतात. मोती एवढे सहज निघत असतील तर आमचे पैसे कशाला लागतात, असं त्यांनाही विचारावं.)

किनाऱ्यावर वाळवलेला समुद्रघोडा, जाळीदार समुद्रपंखा किंवा प्रवाळाचा दगड कोणी शोभेची वस्तू म्हणून देऊ केला तर हातही लावू नका. हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, आणि गाडीत तपासणी झाली तर उत्तर विक्रेता देणार नाही, तुम्ही द्याल. दक्षिणावर्ती शंखाचंही जपून. त्या नावानं विकले जाणारे बरेच शंख परदेशातल्या दुसऱ्याच जातीच्या गोगलगायीचे असतात.

तक्रार करायची तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, पण वाळूवरच्या माणसाचं ना दुकान, ना पावती. तो आम्हाला म्हणाला, "नेटवर्क नहीं है, कॅश दो." तेच त्याच्या सोयीचं. मोबाइलनं पैसे दिले असते तर निदान कुणाच्या खात्यात गेले त्याचं नाव तरी राहिलं असतं.

यंदा निघालेल्यांना मी एवढंच करायला सांगितलं आहे. सातपाड्याला नावेत बसण्याआधी किती तास, कोणकोणती ठिकाणं आणि किती पैसे हे नावाड्याशी सगळ्यांसमोर बोलून घ्या, आणि निम्मे पैसे परत धक्क्याला लागल्यावर द्या. वाळूच्या पट्ट्यावर उतरायचंच नाही असं आधीच सांगा. "सगळे उतरतात" म्हणेल, म्हणू द्या. उतरलातच तर हातात कोणी काही दिलं तरी धरू नका आणि काही फोडू देऊ नका. आणि विक्रेत्याशी कोण बोलणार हे घरूनच ठरवून निघा. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाकडं ते काम देऊ नका. त्यांना चारचौघांत माघार घेता येत नाही, आणि त्यांच्यापुढं आपल्याला बोलता येत नाही.

एका घरानं हे काम धाकट्या सुनेकडं दिलं आहे. ती लाखांदूरच्या बाजारात वांगी विकते. सासरा आधी कुरकुरला, मग म्हणाला, "बोलू दे तिले. तिच्यासंग घासाघीस कराले ग्राहकही भेतात."