मोठ्या अक्षरांचं मराठी पवित्र शास्त्र : एका मागवाल्याचा अभिप्राय

बेळगावात कॅम्पातल्या एका लहानशा ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानातून मोठ्या टायपातलं मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, घेतलं, त्याबद्दल लिहितोय. आईचं जुनं घरात आहे, पण त्याची अक्षरं आता चष्म्यातूनही लागत नाहीत.

मी वडगावचा, हयात मागावर गेली. त्यामुळे मजकुराआधी शिलाई बघितली. दुकानदार म्हणाला, "अण्णा, पूर्ण उघडून बघा की वो, लाजताय कशाला!" मधोमध उघडलं तर पुठ्ठ्याकडच्या घडीत दोरा दिसला. नुसता गोंद नाही, फर्मे, म्हणजे पानांच्या जुड्या, शिवलेले आहेत. हे पुस्तक रोज उघडलं तरी पानं सुटायची नाहीत. खुणेच्या फितीचं टोक मात्र तसंच कापून सोडलंय, सुतं निघायला लागली होती. घरी मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धरून बंद केलं. कागद फार पातळ, मागच्या पानाची अक्षरं पुढे उमटतात. ट्यूबलाइटखाली चालतं, पण करंट गेल्यावर इमर्जन्सी लाइटमध्ये डोळ्यांना त्रास. वजनही बक्कळ. उताणं झोपून वाचायचं असेल तर विसरा. मी मांडीवर उशी ठेवून वाचतो.

तर कुणासाठी घ्यावं? झोप गेलेल्यांसाठी. आमचे शेवटचे माग भंगाराच्या भावात गेले आणि घरातला खडखडाट थांबला. जन्मभर त्या आवाजात झोपलेल्या माणसाला शांतता खायला उठते. वर कर्जाचे हप्ते. भेटायला येणारे म्हणायचे, देवावर सोडा, आनंदात राहा. त्यांच्यासाठी यात ईयोबाचं, म्हणजे सगळं गमावून बसलेल्या माणसाचं, पुस्तक आहे. त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढंच त्यांनी बरं केलं; तोंड उघडलं आणि बिघडवलं.

नव्यानं वाचणाऱ्यानं पहिल्या पानापासून सुरुवात करू नये, सुरुवातीच्या नियमशास्त्रातच, म्हणजे नियम-कायद्यांच्या पुस्तकांतच, अडकून पडाल. मी 'पहिले राजे' या पुस्तकाचा 19 वा अध्याय सुचवीन. करमेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीनं रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. मला वाटलं, आता देव याला झाडणार. तसं काहीच होत नाही. तो झोपतो. देवदूत त्याला हलवून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. खाऊन तो परत झोपतो. दूत परत उठवतो, परत खायला लावतो, कारण पुढची वाट मोठी आहे. उपदेश नाही, 'तुझा विश्वास कुठं गेला' असा प्रश्न नाही. आधी भाकर, पाणी, झोप. देवाशी बोलणं होतं ते नंतर, होरेब डोंगरावर. तिथं वारा, भूकंप, अग्नी होऊन गेल्यावर हळू वाणी येते. रात्री दीड वाजता हे वाचून मी स्वयंपाकघरात गेलो आणि शिळी भाकरी दह्याबरोबर खाल्ली.

स्तोत्रं दीडशे आहेत. मोठ्या टायपाचा खरा फायदा तिथं, कारण ओळी कवितेसारख्या सुट्या मांडल्यात. 42 आणि 43 लागोपाठ वाचा. "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?" हा प्रश्न तीनदा येतो आणि तीनदा उत्तर तेच, देवाची आशा धर. म्हणजे लिहिणाऱ्यालाही एकदा म्हणून भागलं नव्हतं. 88 वं तर अंधारातच संपतं, शेवटी उजेड जोडलेलाच नाही. असलं स्तोत्र शास्त्रात ठेवलंय याचाच मला मोठा धीर आला.

भाषा काही ठिकाणी जुनी, पुस्तकी आहे. पंडिता रमाबाईंनी साध्या बायकांना कळावं म्हणून हिब्रू-ग्रीकवरून स्वतः वेगळं भाषांतर केलं होतं. ही मराठी बाई जन्मली आपल्या कर्नाटकातल्या घाटातल्या जंगलात. आईवडील, भाऊ, नवरा सगळे बाईंच्या पंचविशीच्या आत गेले, 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली, तरी बाईंनी काम सोडलं नाही. 1922 मध्ये त्या वारल्या आणि पुस्तक केडगावात 1924 मध्ये छापून पूर्ण झालं. मी घेतलेलं ते नव्हे, पण कुठं मिळालं तर तेही बघायचंय.

खानापूरकडच्या कॅथलिक मंडळींनी घेण्याआधी विचारून घ्या. यात 66 पुस्तकं आहेत, तुमच्या बायबलात 73.

आणि वाचन चालू आहे म्हणून डॉक्टरांच्या गोळ्या सोडू नका, मी सोडल्या नाहीत. जीव नको झाला असेल तर सरकारचा मानसिक आरोग्याच्या मदतीचा टेली-मानस नंबर 14416 चोवीस तास चालू असतो, फुकट आहे.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो कागदासाठी. दुकान रविवारी बंद, शनिवारी जा आणि शिलाई बघूनच प्रत निवडा.